गोष्टीचं वय बारा, वाचनाचं सात

मुलांच्या पुस्तकांतलं मला काही कळत नाही, हे मी मंडळाच्या बैठकीत आधीच सांगून टाकलं होतं. मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. कुणाचं जीएसटीचं रिटर्न अडलं असेल तर सांगा, म्हटलं. पण बायका ऐकतात थोड्याच! पुढची खोली मोठी आहे, रविवारी मी घरी असते आणि माझं मराठी "बरं" आहे, एवढ्या भांडवलावर उन्हाळ्याच्या सुट्टीतला मुलांचा वाचनवर्ग माझ्या गळ्यात पडला. मुलं नऊ ते बारा वर्षांची. पुस्तकं गोष्टींचीच हवीत, चरित्रं नकोत, सामान्यज्ञान नको. मंडळाच्या पेटीतून पाच हजार रुपये मिळाले आणि पावत्या जपून ठेवायची ताकीद मिळाली. त्यातलं पावत्यांचं तेवढं मला जमण्यासारखं होतं.

आम्ही जुन्या इंदुरातले, शनिमंदिराच्या बाजूचे. इंदूर म्हटलं की बाहेरच्यांना राजवाडा आणि सराफ्यातली खाऊगल्ली आठवते, पण नदीच्या या काठची आमची वस्ती त्याहून जुनी. मंडलोई जमीनदारांचा मोठा रावळा इथलाच. होळकरांच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांपैकी पुष्कळशी पुढे मोकळ्या वसाहतींत राहायला गेली, काही अजून इथेच आहेत. त्या घरांतली मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी. "काकू, मी येऊन राहिलोय ना, थांबा," हे आमचं मराठी. पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत.

माझी स्वतःची पंचाईत अशी की मी लहानपणी मराठी गोष्टी वाचल्याच नव्हत्या. घरी 'नंदन' यायचं, भोपाळच्या 'एकलव्य'ची 'चकमक' यायची, शेजारच्यांकडे इथलंच, इंदूरचं 'देवपुत्र' असायचं. सगळं हिंदी. मराठी ऐकलं भरपूर; आजीच्या तोंडून, गणपतीतल्या कार्यक्रमांतून, 'सानंद'च्या नाटकांतून. वाचलं मात्र लग्नपत्रिकांपुरतं म्हणा ना. बाबांच्या कपाटात नाथमाधवांचं 'वीरधवल' होतं आणि 'चांदोबा'चे बांधून ठेवलेले अंक होते. त्यांतली चित्रं तेवढी मी बघितली होती.

म्हणून रीतसर चौकशीला लागले. पुण्याच्या नानांना फोन केला. ते म्हणाले, "'श्यामची आई'. दुसरं काही घेऊच नकोस." मोठ्या वन्सं म्हणाल्या, ताम्हनकरांचा 'गोट्या' घे आणि मुलींसाठी 'चिंगी'. ठाण्याच्या मावसभावाने 'फास्टर फेणे'चा वीस पुस्तकांचा संचच सुचवला. ऑफिसातल्या एक मराठी बाई जयंत नारळीकरांशिवाय बोलायला तयार नाहीत. कुणी म्हणालं शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी', कुणी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. यादी वाढत चालली आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या मुलांबद्दल कुणी काही विचारतच नाहीये. ती कोणत्या शाळेत जातात, मराठी कितपत वाचतात, त्यांना काय आवडतं, एक प्रश्न नाही. प्रत्येक जण स्वतः दहा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत जे वाचत पडला होता, तेच मला सांगत होता. त्यांच्या आवाजात एकदम जो ओलावा यायचा, तो पुस्तकासाठी होता की गेलेल्या सुट्ट्यांसाठी, देव जाणे.

खजुरी बाजारातही जाऊन आले. आमच्याकडे पुस्तकं म्हणजे खजुरी बाजार. पण तिथे क्रमिक पुस्तकं, गाइडं आणि वह्या. "मुलांच्या मराठी गोष्टी आहेत का?" विचारल्यावर एका दुकानदाराने शांतपणे विचारलं, "कौनसी क्लास?" आता याचं उत्तर काय देणार? माझ्या गोंधळाचं मूळ तेच होतं, फक्त ते मला तेव्हा दिसलं नाही. प्रकाशकांच्या सूचीत बालगट, कुमारगट असं लिहिलेलं असतं, तेही मी गुरुवाक्य मानून लिहून घेतलं. शेवटी पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला यादी पाठवली. तो रात्रीच्या बसने दोन पिशव्या घेऊन आला आणि "आत्या, यात माझे कपडे एका बाजूला आहेत हं," म्हणून पोहे-जिलबीकडे वळला.

पहिल्या रविवारी खोली भरली. सहावीतल्या एका मुलाला मी 'फास्टर फेणे'तलं एक पान मोठ्याने वाचायला दिलं. मुलगा हुशार आहे, इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं आठवड्यात संपवतो. देवनागरी त्याला हिंदीमुळे येतेच. तरी तो वाचायला लागला आणि खोलीतली हवाच गेली. ळ आला की थांबायचा, ल म्हणायचा, पुन्हा मागे यायचा. जोडाक्षर आलं की बोट ठेवायचा. एकेक शब्द बरोबर वाचायचा, पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असायची. पान संपल्यावर मी विचारलं, काय झालं या पानात? तो म्हणाला, "कुणीतरी सायकलवर होतं." बाहेर नेमकी महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत आली (2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर राखणाऱ्या शहरात या गाण्यापासून सुटका नाही) आणि सगळी मुलं सुटल्यासारखी खिडकीकडे धावली.

ती परत येईपर्यंत मी पुस्तक हातात घेतलं आणि तेच पान मोठ्याने वाचायला लागले. मला काही अभिनय येत नाही. नुसतं वाचलं, जरा घाईघाईत. आणि काय आश्चर्य, हसायच्या जागी पोरं हसली. बन्या फेणे अडचणीत सापडला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आता हा भागणार." मघाशी अडखळणारा मुलगा म्हणाला, "भागणार कशाला, तो पकडणार त्यांना." एक शब्दही कुणी अडवला नाही. पानावर ज्या शब्दांनी त्याची वाट अडवली होती, ते सगळे कानाला ओळखीचे होते. आजी रोज तेच शब्द वापरून त्याला रागावते.

माझा गुंता इथे सुटायला लागला. या मुलांचं गोष्टीचं वय बारा आहे. त्यांना रहस्य लागतं, धोका लागतो, विनोद लागतो, न्याय-अन्याय कळतो. मराठी वाचनाचं वय मात्र सात आहे. कुठल्याही सूचीतली कुठलीही वयोमर्यादा त्यांना लागू पडत नाही, कारण महाराष्ट्रातल्या मुलाची ही दोन वयं साधारण बरोबर चालतात आणि सूची त्याच्यासाठी केलेली असते. साताच्या मुलाचं सोपं पुस्तक दिलं की आमची पोरं म्हणतात, "हे तर बेबीवालं आहे." बाराचं दिलं की दुसऱ्या पानावर दम लागतो. या दोहोंच्या मध्ये काय बसतं, ते शोधणं हे माझं काम होतं. ही गोष्ट इंदूरचीच कशाला, बडोद्याची असेल, ग्वाल्हेरची असेल, न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेचीही असेल.

मग मी रीतच बदलली. पहिली दोन प्रकरणं मी वाचायची आणि अगदी मोक्याच्या जागी पुस्तक मिटायचं. पुढचं ज्याला हवं त्याने घरी न्यायचं. हे माझं संशोधन नव्हे. आजी हेच करायची, "उद्या सांगते" म्हणून दिवा मालवायची. पण पुस्तकाच्या बाबतीत याचा फायदा वेगळाच झाला. पात्रांची नावं, घर, गाव, बोलण्याची ढब हे सगळं कानातून आत गेलेलं असलं की तिसऱ्या प्रकरणात डोळा इतका अडखळत नाही. आणि पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नसेल तर ळ कुणाला अडवतो?

या कसोटीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पहिला उतरला. फुरसुंगीचा हा काडीपैलवान, तोंडात सदा "टॉक", पुण्याच्या शाळेत शिकणारा. मला धास्ती होती की पुण्याच्या गल्ल्या आमच्या मुलांना परक्या वाटतील. त्या वाटल्याही. कुणाला काही फरक पडला नाही. फेणे पुण्यात बसून थोडाच राहतो! तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो. मुख्य म्हणजे भागवत वेळ घालवत नाहीत. पानाभरातच काहीतरी बिनसतं, संवाद छोटे असतात, आणि राम वाईरकरांची चित्रं मध्ये येऊन दम घ्यायला जागा देतात. पुस्तकांतला काळ जुना आहे, टेलिफोन आणि तारा आहेत, पण मुलांना ते भूतकाळासारखं न वाटता वेगळ्या ग्रहासारखं वाटलं, आणि ग्रह त्यांना आवडतात. 2017 चा सिनेमा दोघांनी पाहिला होता. "काकू, यात तर तो मोठा आहे, पुस्तकात छोटा कसा?" यावर बराच वाद झाला. पुस्तकातला छोटाच खरा, असं शेवटी ठरलं.

दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' ज्यांना लांब पल्ला झेपत नाही त्यांच्यासाठी उत्तम निघाला. एकेक गोष्ट आपल्यापुरती पुरी, पुस्तक कुठूनही उघडा. या पुस्तकाला 2011 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, हे मला नंतर कळलं. मुलांना त्याच्याशी देणंघेणं नाही. बोक्या मोठ्यांचा ढोंगीपणा उघडा पाडतो, एवढं त्यांना पुरतं. एका आईने मला जिन्यात गाठून विचारलं, "हे वाचून आमचा उलट उत्तरं देऊन राहिलाय, दुसरं काही नाही का?" मी म्हटलं, निदान मराठीत देतोय ना!

संगीता बर्वे यांची 'पियूची वही' मात्र माझ्या हातून नव्हे, एका पाचवीतल्या मुलीच्या हातून चालली. रोजनिशीसारखं पुस्तक, तुकड्या-तुकड्यांचं. तिने ते नेलं आणि पुढच्या वेळी स्वतःची वही घेऊन आली. मराठीतच लिहिलेली, मधूनमधून हिंदीचे तुकडे पडलेली. ती वही मला वाचायला दिली नाही. बरोबरच आहे.

नानांच्या 'श्यामची आई'चं काय? पहिल्यांदा ते मी एका मुलाला नुसतं हातात दिलं होतं. ते तसंच परत आलं. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची रचनाच मुळी सांगण्याची आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी, असं श्याम आश्रमातल्या मित्रांना सांगत जातो. म्हणजे ते कानासाठीच बांधलेलं आहे. म्हणून एका संध्याकाळी गच्चीवर श्यामच्या पोहण्याचं प्रकरण मी वाचून दाखवलं. विहिरीची भीती वाटणारा श्याम, आणि त्याला शिमटीने फोडून काढून पोहायला पाठवणारी आई. मुलं गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, "अशी कशी आई? चाइल्डलाइनला फोन करायला हवा." दुसरा म्हणाला, "पण नंतर ती रडते ना." वाद खूप वेळ चालला, आणि तो मराठीत चालला. नानांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना चाइल्डलाइनचं अजिबात आवडलं नाही. माझं मत असं, की ज्या पुस्तकावर आजची दहा वर्षांची पोरगी भांडते ते पुस्तक जिवंत आहे. नुसती हात जोडून वाचली जातात त्यांची मला जास्त काळजी वाटते.

ओळखीच्या गोष्टीचाही असाच आधार होतो. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे मराठी पुस्तक आमच्या शेजारच्या भोपाळहून, मंजुल प्रकाशनाकडून निघालं. इंग्रजीत सगळे भाग पाठ असलेल्या एका मुलीला मी ते दिलं. कथा आधीच ठाऊक असल्यामुळे तिचा डोळा पुढे पळत राहिला. अडलेला शब्द ती आठवणीनेच भरून काढायची. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांनी मराठीत आणला आहे, तोही असाच उपयोगी पडला, पण वेगळ्या कारणाने. फेलूदा लखनौला जातो, राजस्थानात जातो. आमच्या मुलांनी सदाशिव पेठ पाहिलेली नाही. लखनौला मात्र मामा राहतो. शिवाय गोष्ट सांगणारा तोपसे त्यांच्याहून थोडासाच मोठा.

आणि जुल व्हर्न! व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणण्यातही भागवतांचा मोठा हात. ऐंशी दिवसांत जगाला प्रदक्षिणा घालणाऱ्या फॉगची गोष्ट मी सांगत होते, आगगाडी मुंबईहून निघाली, खानदेशातून चालली, आणि बऱ्हाणपूरला थांबली. फॉगचा नोकर तिथे उतरून मोत्यांच्या नक्षीच्या चपला विकत घेतो. "बुऱ्हानपूर? आपलं मावा जिलबीवालं?" सगळे एकदम ओरडले. दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच लेखकाने आपल्या गाडीला जिथे थांबा दिला, तिथे यांच्यातल्या एकाचे काका राहतात. त्यानंतर फॉग लंडनला पोचेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मोती खोटे होते, हे व्हर्नने स्वच्छ लिहिलंय. ते मात्र बऱ्हाणपूरच्या पुतण्याला झोंबलं.

काही पुस्तकं चालली नाहीत. 'चौघीजणी'ची जाडी बघूनच मुली मागे सरल्या. ती मी स्वतःसाठी ठेवून घेतली. नारळीकरांच्या कथा एका मुलाने अधाशासारख्या वाचल्या, बाकीच्यांना अजून दोन वर्षं थांबावं लागेल. 'गोट्या' वन्संनाच परत वाचायला दिला, त्या खूश आहेत. संतांच्या 'वनवास'मधला लंपन तर मुलांसाठी लिहिलेला आहे असं मला वाटतच नाही. आपलं लहानपण आठवणाऱ्या मोठ्यांसाठी तो आहे. तरीही त्यातला एक भाग वाचला, कारण मला मोह आवरला नाही. बेळगावकडचा मुलगा, आजी-आजोबांकडे राहणारा, बोलण्यात कानडी मिसळलेलं. एका बारा वर्षांच्या मुलीने विचारलं, "काकू, म्हणजे पुस्तकात असं मिक्स मराठी चालतं?" चालतं, म्हटलं. तिने ते पुस्तक नेलं आहे. अजून आणलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

पैसे संपत आले तेव्हा 'किशोर' कामी आला. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. साहेबांची परवानगी काढून ऑफिसच्या प्रिंटरवर मी दोन-दोन पानांच्या गोष्टी छापल्या. दोन पानं म्हणजे सात वर्षांच्या डोळ्याला झेपणारं अंतर, आणि गोष्ट मात्र मोठ्या मुलांची. माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे'ही याच कामाचं. चांगल्या लेखकांचे छोटे उतारे आणि शेजारी चित्रं. त्यात कुमारगटाचे भाग मी घेतले, पण मुलांना ते बालगटाचे की कुमारगटाचे हे कळू नये म्हणून कव्हरं घातली. साधनाचे बालकुमार दिवाळी अंकही स्वस्त पडतात. ते दिवाळीत मागवायचे ठरले आहेत.

हो, कारण सुट्टी संपली तरी वर्ग संपलेला नाही. रविवार सकाळचा शनिवार संध्याकाळ झाला, एवढंच. मंडळाने पावत्या पाहिल्या, समाधान व्यक्त केलं आणि आणखी पैसे देणार नाही असंही सांगितलं. आता यादी मुलं करतात. भिंतीवर कागद लावलाय, ज्याला जे हवं ते त्याने लिहायचं. मुलींनी वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "मुलगी डिटेक्टिव्ह". ही मागणी रास्त आहे, आणि मी मराठीत विचारत सुटले आहे. ज्यांना विचारते ते थोडा वेळ गप्प होतात आणि मग पुन्हा फास्टर फेणेच सांगतात. दुसरी मागणी भुतांची. तिच्यासाठी भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला', 2024 चा अकादमी पुरस्कार मिळालेलं, भाच्याच्या पुढच्या फेरीत येणार आहे.

पण तेवढ्याने भागलेलं नाही. 'अलबत्या गलबत्या' लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनीच गूढकथाही लिहिल्या आहेत, हा शोध आमच्या सातवीवाल्याला लागला आहे, आणि त्याला त्या हव्या आहेत. मी आधी वाचून बघते म्हणून दोन कथा रात्री वाचल्या, आणि बाहेरच्या खोलीतला दिवा चालू ठेवून झोपले. नऊवाल्यांना त्या द्यायच्या नाहीत हे नक्की. बारावाल्यांसाठी, आईची लेखी परवानगी आणली तर विचार करीन, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो चिठ्ठी घेऊन आला. सही आईचीच आहे, पण वर लिहिलेलं वाक्य त्याच्या हातचं दिसतंय, आणि त्यात 'परवानगी'पासून 'जबाबदारी'पर्यंत सगळं शुद्ध आहे.